आधी चेंडू बघा, मग कंबर

पुण्या-मुंबईच्या गोल्फ वर्तुळात सध्या एक सिद्धांत वेदवाक्य म्हणून चालतो. तुमचा स्विंग चुकतो, कारण तुमचं शरीरच त्याला साथ देत नाही. कंबर आखडलेली, खांदे जखडलेले, पोटापाठीचे स्नायू ढिले. अशा शरीरातून क्लब सरळ येणार कुठून? तेव्हा आधी तपासणी करून घ्या. मग खास तुमच्यासाठी आखलेला व्यायाम, जोडीला खास तुमच्यासाठी आखलेलं प्रशिक्षण, आणि तीन महिन्यांत स्विंग बदललेला दिसेल. प्रो हे सांगतात, फिटनेस ट्रेनर सांगतात, आणि पॅकेजचे पैसे भरून बसलेले सभासद तर सर्वांत ठासून सांगतात.

मला हे मान्य नाही. व्यायामाशी माझं भांडण नाही, शिकण्याशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते क्रमाशी. चेंडू कुठे गेला, तिकडे का गेला, फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड कुठे होतं, हे प्रश्न आधी. माणसाची कंबर किती वळते हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि तोही गरज पडली तर. आज हा क्रम उलटा झाला आहे, आणि त्यामागे शास्त्र कमी, व्यापार जास्त आहे. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या शरीरात दोष शोधायला गेलं तर ते सापडणारच. सापडलेला दोष दुरुस्त व्हायला महिने लागणार, आणि तेवढ्या महिन्यांचं बिल होणार.

समोरच्याची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. २००३ साली कॅलिफोर्नियात टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि गोल्फपटूच्या शरीराची पद्धतशीर तपासणी करण्याची रीत तिथून जगभर पसरली. त्यांची भूमिका सारांशाने अशी: बरोबर स्विंग एकच नसतो, असंख्य असतात; पण प्रत्येक माणसाला त्याच्या शरीराच्या कुवतीत बसणारा एक सर्वांत कार्यक्षम स्विंग असतो. हा विचार त्याआधीच्या काळापेक्षा नक्कीच पुढचा होता. अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक १९५७ साली आलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्यातली चित्रं आरशासमोर उभं राहून गिरवली. होगन स्वतः कित्येक वर्षं हुकशी, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या चेंडूशी झगडत होता, आणि त्याची बरीचशी औषधं त्या रोगावरची होती. ती औषधं उजवीकडे स्लाइस मारणाऱ्या लाखो हौशी खेळाडूंनी निष्ठेने घेतली. एका माणसाचा उपाय सगळ्यांच्या गळ्यात बांधण्याच्या त्या खुळापेक्षा ‘प्रत्येकाचं शरीर वेगळं’ हे म्हणणं कितीतरी शहाणपणाचं आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. प्रत्येकाचं शरीर वेगळं हे मान्य केल्यावर त्या शरीराला साजेसा फटका शोधायला हवा. प्रत्यक्षात होतं ते भलतंच: शरीर ठरावीक मापात बसत नाही म्हणून शरीरच बदलायला घेतलं जातं. सदरा बसत नाही म्हणून शिंप्याने गिऱ्हाइकालाच व्यायामशाळेत पाठवावं, तसा हा प्रकार आहे.

तपासणीतली सर्वांत गाजलेली चाचणी बघा. क्लब दोन्ही हातांत आडवा धरून डोक्यावर न्यायचा, पाय खांद्यांइतके फाकवायचे आणि टाचा जमिनीवरून न उचलता जितकं खाली बसता येईल तितकं बसायचं. टाचा उचलल्या किंवा क्लब पुढे झुकला की ट्रेनर कागदावर फुली मारतो. त्या फुलीचा अर्थ ठरलेला असतो: हा माणूस खाली येताना कंबर चेंडूकडे ढकलणार, पाठीचा कोन सोडून उभा राहणार आणि फटका वाया घालवणार. मग घोटे, मांड्या आणि पाठ मोकळी करण्याचे व्यायाम लिहून दिले जातात. रबरी पट्टे आणि फोमचा रोलर घरी येतो.

या तर्कात एक मोठी फट आहे. गोल्फच्या फटक्यात कुणीही इतकं खाली बसत नाही. खाली बसण्यातली अडचण आणि फटक्यात उठणं या दोन गोष्टी एकाच माणसात दिसल्या, म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. फटका मारताना माणूस उठतो त्याची साधी कारणं क्लब आणि चेंडू यांच्यातच सापडू शकतात. जो चेंडूच्या फार जवळ उभा राहतो, किंवा क्लब फार उभा खाली आणतो, त्याचा क्लब जमिनीत रुतायला निघालेला असतो. शरीराला हे कळतं आणि ते ऐन वेळी उठून जागा करून देतं. त्याचं उठणं हा मूळ दोष नव्हे, मूळ दोषावर शरीराने काढलेला तोडगा आहे. अशा माणसाला चेंडूपासून वीतभर लांब उभं करा. तो उठायचा थांबला, तर सहा आठवड्यांचा व्यायाम कशासाठी होता?

उलट बाजूने बघायचं तर कोर्सवरच्या माळ्यांकडे बघा. ग्रीनच्या कडेला टाचा टेकवून, उकिडवे बसून ते तासन्‌तास तण उपटतात. डोक्यावर हात नेण्याचा भाग सोडला तर ही चाचणी ते झोपेतही पास होतील. तेवढ्याने त्यांच्या हाती ड्रायव्हर दिला की चेंडू सरळ जाईल, असं कुणी म्हणणार नाही. लवचीकपणा हा चांगल्या फटक्याचा पुरावाही नाही आणि हमीही नाही.

चेंडूला विचारलं तर तो काय सांगतो? डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या रडार यंत्रांनी या शतकात एक जुना समज मोडीत काढला. चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या दिशेला वळतो, असं जुनी पुस्तकं सांगत. मोजमाप झालं तेव्हा उलट चित्र दिसलं. चेंडू मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेने निघतो. आयर्नला हा वाटा साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला त्याहून जास्त. तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे तो वळतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. त्या क्षणी तोंड एक अंशाने चुकलं तर २०० यार्डांवर चेंडू साधारण तीन यार्ड बाजूला जातो, आणि वळण लागलं तर आणखी लांब. चेंडूला तुमच्या मांडीच्या स्नायूंची काहीही माहिती नसते. त्याला कळतं ते तोंड, मार्ग, वेग आणि चेंडू क्लबवर कुठे लागला एवढंच. म्हणून या यंत्रांशी माझं वैर नाही. चेंडूचं काय झालं हे अचूक सांगणारं यंत्र माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. त्याचे आकडे बाजूला ठेवून कंबरेचे अंश मोजायला घेतले जातात, तिथे माझी तक्रार सुरू होते.

हे मान्य केलं की जिम फ्युरिकचा स्विंग कोडं राहत नाही. तो क्लब जवळजवळ उभा वर नेतो, मग वर एक मोठा वळसा घेऊन भलत्याच मार्गाने खाली आणतो. कोणत्याही तपासणी-पॅकेजमध्ये हा माणूस पहिल्याच दिवशी लाल शाईत रंगला असता. त्याने २००३ साली यूएस ओपन जिंकली आणि २०१६ साली ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीत ५८ फटक्यांत १८ होल पूर्ण केले. पीजीए टूरवरची ती सर्वांत कमी फटक्यांची फेरी. त्याचे वडील माइक फ्युरिक स्वतः गोल्फचे प्रो. तेच त्याचे गुरू. मुलाचा वळसा सरळ करायची संधी त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती, पण चेंडू हवा तिथे जातोय म्हटल्यावर त्यांनी वळशाला हात लावला नाही. खास एका माणसासाठी केलेलं प्रशिक्षण म्हणतात ते हे.

आता याउलट काय विकलं जातं ते बघा. १९९२ साली जिम मॅकलिन या अमेरिकन प्रशिक्षकाने ‘एक्स फॅक्टर’ची कल्पना मांडली: क्लब वर नेताना खांदे जास्त आणि कंबर कमी वळली की दोन्हींतला फरक वाढतो आणि ताकद साठते. लांब मारणारे व्यावसायिक असंच करतात हे खरं. पण ही गोष्ट हौशी खेळाडूपर्यंत पोचता पोचता ‘कंबर रोखा, खांदे वळवा’ असा हुकूम झाला. पन्नाशीचा माणूस कंबर रोखून खांदे वळवू लागला की पाठ कुरकुरणारच. मग पाठीचा मधला भाग मोकळा करायचा कार्यक्रम सुरू होतो. याला दुसराही एक मार्ग होता आणि तो फुकट होता. जॅक निक्लॉस क्लब वर नेताना डावी टाच खुशाल उचलायचा आणि कंबर मोकळी वळू द्यायचा. त्याच्या नावावर १८ मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं आहेत. पन्नाशीच्या माणसाला टाच उचलायची परवानगी दिली तर खांदे आजच्या आज वळतील. पण टाच उचलायला सांगण्याचं मासिक शुल्क घेता येत नाही.

व्यायामाबद्दल मात्र मी कुणाच्या मागे राहणार नाही. गोल्फला व्यायाम लागत नाही, हे जुन्या सभासदांचं पालुपद केव्हाच खोटं ठरलं आहे. गॅरी प्लेअर वजनं उचलायचा तेव्हा स्नायू जड होऊन स्विंग बिघडेल असं लोक सांगत. त्याने नऊ मेजर जिंकले आणि १९६५ साली चारही मेजर जिंकणाऱ्यांच्या मोजक्या यादीत गेला. प्रयोगही हेच दाखवतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लेचर आणि हार्टवेल यांच्या अभ्यासात क्लब पातळीच्या खेळाडूंनी आठ आठवडे वजनं उचलली आणि उड्या-फेकीचे व्यायाम केले. ड्रायव्हरचा वेग १.५ टक्क्याने आणि अंतर ४.३ टक्क्यांनी वाढलं. २०० यार्ड मारणाऱ्याला हे आठ-नऊ यार्ड होतात. चांगली गोष्ट आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे आठ-नऊ यार्ड आहेत, जाहिरातीतला चमत्कार नव्हे. दोन, सगळ्या गटाला व्यायाम एकसारखाच दिला होता. कुणाची कंबर मोजून कुणाला वेगळा पट्टा दिला नव्हता. बैठका, वजन उचलणं, ओढणं, ढकलणं, मेडिसिन बॉल फेकणं, असा सर्वांना लागू पडणारा साधा व्यायाम आठवड्यातून दोनदा गल्लीतल्या जिममध्येही होतो. तो जरूर करा. त्याने पाठ टिकेल, अठराव्या होलपर्यंत पाय थकणार नाहीत, थोडं अंतरही मिळेल. ज्याला आधीच दुखणं आहे त्याने डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा. तिथे शरीराची बारकाईने तपासणी हवीच. पण या साध्या व्यायामाला ‘स्विंग दुरुस्ती’ म्हणून चौपट भावात विकू नका.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. रेंजवरचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तिपाईवर मोबाइल, पडद्यावर तुमचा स्विंग मध्येच थांबवलेला. प्रो बोटाने त्यावर पिवळी रेघ ओढतो, मग लाल रेघ, मग शेजारी रॉरी मॅकइलरॉयचा फोटो आणतो. डावा हात सरळ हवा, उजवं कोपर आत, कंबर आधी, डोकं मागे, मनगट सपाट. पुढचा चेंडू टीवर. मागे रडार लावलेलं. फटका मारला की लगेच वेग, कोन, फिरकी. तुम्ही मान वळवून आकडा बघता, पुढचा चेंडू ठेवता, पुन्हा मान वळवता.

क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात पाच सूचना कुणाचंही शरीर पाळू शकत नाही. याविषयी आता बराच अभ्यास झाला आहे, आणि तो पॅकेजवाल्यांच्या पथ्यावर पडणारा नाही. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी गोल्फ न खेळलेल्या माणसांना छोटा पिच फटका शिकवला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणारे अधिक अचूक मारायला शिकले, आणि नंतर सूचनांशिवाय घेतलेल्या परीक्षेतही तेच पुढे राहिले. वुल्फ आणि इतरांनी नंतर पुष्कळ खेळांत हेच तपासलं आणि कल बहुतेक वेळा तोच दिसला. म्हणजे ‘उजवं कोपर बरगडीला चिकटवा’ यापेक्षा ‘चेंडूपुढचं गवत झाडून काढा’ ही सूचना जास्त कामाची. शरीराची तपासणी करून सुरू झालेल्या प्रशिक्षणात मात्र सूचना शरीराच्याच येतात, कारण फुल्या शरीरावर मारलेल्या असतात.

प्रत्येक फटक्यानंतर मिळणाऱ्या आकड्यांचंही तसंच. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली यावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल हातात दिला तर सराव छान दिसतो, पण निकाल बंद केल्यावर शिकलेलं कमी टिकतं. माणूस स्वतःच्या हाताला विचारायचं सोडतो, पडद्याला विचारायला शिकतो. कोर्सवर पडदा नसतो. रेंजवर वाघ आणि कोर्सवर शेळी असे किती सभासद तुमच्या ओळखीचे आहेत ते मोजा, म्हणजे हा निष्कर्ष प्रयोगशाळेत जाऊन तपासायची गरज उरणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अंतर. ‘आकडे सांगतात, लांब मारणारे जिंकतात.’ इथे कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांचं नाव घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. गोल्फच्या आकडेवारीत त्यांच्याइतकं मोलाचं काम क्वचितच झालं असेल. ड्राइव्ह दिखाव्यासाठी आणि पटिंग पैशासाठी, ही जुनी म्हण त्यांनी उलटवली. पीजीए टूरवरच्या पहिल्या ४० खेळाडूंची सरशी कशातून येते ते त्यांनी मोजलं: ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांतून ४० टक्के, ड्राइव्हमधून २८, ग्रीनजवळच्या फटक्यांतून १७, पटिंगमधून १५. ‘लांबच्या फटक्यांचं महत्त्व’ हे वाक्य उचलून त्यातून ड्रायव्हरचा वेग विकणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. सर्वांत मोठा वाटा ड्राइव्हचा नाही, आयर्नने ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा आहे. आयर्नचा फटका ठरतो तो क्लब जमिनीला कुठे लागतो यावर: चेंडूनंतर लागला तर स्वच्छ फटका, आधी लागला तर माती.

आणि हीच गोष्ट आपल्या बहुतेक रेंजवर शिकता येत नाही, कारण तिथे हिरवी प्लास्टिकची चटई असते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी चटईवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो. आवाज ठीक येतो, चेंडू ठीक जातो, रडारही फारशी कुरकुर करत नाही. तोच फटका पावसाळ्यानंतरच्या फेअरवेवर मारा, क्लब मातीत रुतून चेंडू वीस पावलांवर थांबेल. एक खडूची रेघ, एक गवताचा तुकडा आणि रेघेच्या पुढे माती उडवण्याचा सराव, एवढ्याने जे कळतं ते कुठल्याही कंबर-चाचणीने कळत नाही.

ब्रायसन डीशँबो हे समोरच्या बाजूचं हुकमी पान. त्याने अंगावर चांगलंच वजन चढवलं, वेग वाढवला आणि २०२० साली विंग्ड फूटवर यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली. हे नाकारायचं कारण नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे त्याने वजन बरंच उतरवलं, आणि २०२४ साली पाइनहर्स्टवर दुसरी यूएस ओपन जिंकली ती शेवटच्या होलवर सुमारे ५५ यार्डांवरून, बंकरच्या वाळूतून चेंडू होलच्या जवळ आणून, एका फटक्याने. दुसऱ्या टोकाला आपली अदिती अशोक. तिचा ड्राइव्ह लांब जाणाऱ्यांत कधीच गणला गेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. पहिल्याला वेगाने विजय मिळाला, दुसरीला वेगाशिवाय पदकाच्या दारापर्यंत जाता आलं. दोघांनीही आपापला खेळ ओळखला होता, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. हौशी खेळाडूला डीशँबोचं पॅकेज विकताना त्याच्या दिवसाचे तासही विकायला हवेत. त्याचं कामच गोल्फ आहे. तुमच्याकडे रविवारची सकाळ आहे आणि फार तर बुधवारची संध्याकाळ. तुमच्यासाठी आखलेली योजना म्हणायची तर हिशेब त्या दोन वेळांपासून सुरू झाला पाहिजे.

इथे क्लबमधले ज्येष्ठ खूश होऊन टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. ‘अली शेर कॅडी होता, त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबचे ग्रीनकीपर. पोरगा बघून बघून शिकला आणि इंडियन ओपन लागोपाठ दोनदा जिंकला. कुठे होता त्यांच्याकडे ट्रेनर?’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण लंगडा आहे. जिंकलेले दोघे-चौघे आपल्याला दिसतात. तसंच शिकून कुठेच न पोचलेले शेकडो दिसत नाहीत. शिवाय कॅडीचं पोर लहानपणापासून दिवसभर कोर्सवर असतं. निवृत्तीनंतर क्लब हातात घेतलेल्या माणसाने त्याचं उदाहरण देऊन शिकायचं टाळणं म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणं. या खेळाडूंकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. ते कोर्सवर शिकले, खऱ्या गवतावर, खऱ्या निकालावर. चौरसियाच्या छोट्या फटक्यांवरून त्याला ‘चिपपुटसिया’ हे टोपणनाव पडलं, ते काही चटईवर मिळालेलं नाही.

आणि आपल्याकडे तर खऱ्या निकालाच्या निरीक्षणाची सोय बॅग उचलून शेजारीच चालत असते. चांगला कॅडी महिनाभरात तुमचा खेळ तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. ‘साहेब, सात नको, सहा घ्या,’ असं तो म्हणतो तेव्हा तुमचा सातचा फटका किती वेळा तोकडा पडला हे त्याच्या डोक्यात नोंदलेलं असतं. उजवीकडे पाणी असलं की तुम्ही डावीकडच्या झाडीत मारता, पहिल्या होलवर घाई करता, चौघांतला एक जण पुढे गेला की ड्रायव्हर जास्त घट्ट धरता, हे त्याने पाहिलेलं असतं. यातली एकही गोष्ट वाकून अंगठे पकडायच्या चाचणीत सापडत नाही. महागड्या पॅकेजआधी त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याला पैसे बॅग उचलायचे मिळतात, बघण्याचे नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच तपासणीच्या कागदावर नसते: माणूस आधी कुठला खेळ खेळला. आपल्याकडे गोल्फला उशिरा आलेला बहुतेक प्रत्येक जण गल्लीत क्रिकेट खेळून मोठा झालेला असतो. डावं कोपर उंच, बॅटचं तोंड फटक्यानंतरही समोर धरून ठेवलेलं, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. सरळ बॅट म्हणून शाळेत शाबासकीही मिळालेली असते. तेच हात ड्रायव्हर मारताना तोंड मिटू देत नाहीत आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. ‘तुम्ही शाळेत कुठल्या नंबरला खेळायला यायचात?’ हा एक प्रश्न विचारणारा प्रो पाच मिनिटांत त्या स्लाइसच्या मुळाशी जाऊ शकतो. न विचारणारा तीच स्लाइस खुब्याच्या सांध्यात शोधत बसेल, आणि तिथे त्याला काही ना काही मिळेलही.

तेव्हा पैसे भरण्याआधी काय मागायचं ते सांगतो. पहिली अट: प्रोने तुमच्याबरोबर निदान नऊ होल चालायचं. रेंज नाही, सिम्युलेटर नाही, कोर्स. तुमचे फटके कुठे वाया गेले याची यादी त्याने हातात द्यायची, आणि त्या यादीत सर्वांत वर असलेली एकच गोष्ट पुढचा महिनाभर शिकवायची. दुसरी: सूचना एका वेळी एक, आणि ती चेंडू, क्लब किंवा गवताबद्दल. तिसरी: सरावात प्रत्येक फटक्याला क्लब बदलायचा, लक्ष्य बदलायचं, आणि आकडे दहा फटक्यांनंतर बघायचे. एकाच क्लबने एकाच झेंड्याकडे बादली रिकामी करणं हा घाम गाळायचा उद्योग आहे. मिसळून केलेला सराव त्या वेळी अडखळतो पण जास्त टिकतो, हे शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ सालीच प्रयोगात दाखवलं होतं. चौथी: महिनाभरानंतरही तीच चूक होत असेल आणि क्लब, उभं राहणं, पकड यांतून ती सुटत नसेल, तर मग खुशाल शरीर तपासा. तोवर त्या तपासणीला नेमका प्रश्न मिळालेला असेल, आणि ट्रेनरलाही नेमकं काय बघायचं ते कळेल.

या अटी अवघड नाहीत. चांगले प्रो आजही असंच शिकवतात, आणि चांगले ट्रेनर प्रो पाठवेपर्यंत कुणाच्या स्विंगबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांची फी जास्त असली तरी ती वसूल होते. ज्याला या अटी जाचक वाटतात, ज्याला तुमचा एकही फटका गवतावर बघायच्या आधी तुमच्या खुब्याचा कोन मोजायचा आहे, त्याला तुमचा खेळ सुधारण्यापेक्षा तुमचं सभासदत्व टिकवण्यात जास्त रस आहे. त्याला नम्रपणे नाही म्हणा, आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग पुढच्या रविवारी कॅडीला द्या; बॅग उचलल्याचे वेगळे, आणि तुमचा खेळ बघून खरं बोलल्याचे वेगळे.